विहिरीतला हंसराज आणि बांधावरची सायाळ



२०१९ साली आपल्या जिल्ह्यात एक मोठा पाहुणा आला होता. यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या रानातून निघालेला एक तरणा वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक मजल मारून आपल्या ज्ञानगंगेच्या अभयारण्यात येऊन राहिला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे तो कोणत्या दिवशी कोणत्या शिवारात होता याची नोंद झाली. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. वाघ आला याचा आनंद आम्हांसही झाला. पण आज आम्हांला त्याच्याविषयी बोलायचे नाही. त्याच डोंगरात आणि त्याच्या पायथ्याच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, गळ्यात पट्टा नसलेले दोन रहिवासी आहेत. एक प्राणी आहे, एक वनस्पती. प्राणी म्हणजे सायाळ, जिला पुण्याकडे साळिंदर म्हणतात. वनस्पती म्हणजे हंसराज, हा नेच्यांच्या कुळातला. या दोघांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावा, एवढाच आजचा हेतू.

आम्ही निसर्गशास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य जिनिंगमधील कामगार, हमाल आणि बांधकामावरचे मजूर यांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली, पुढचे जे काही वाचले ते वाचनालयांतून आणि रात्री. तेव्हा हा विषय आमच्याकडे आला कसा, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी घाटावरच्या एका गावात जुनी विहीर दुरुस्त करण्याचे काम निघाले होते. चिरे आणि चुना यांची जुनी बांधणी. ती खरवडून वरून सिमेंट द्यायचे होते. कामावर नऊ माणसे होती आणि ठेकेदाराच्या मस्टरवर सात नावे. उरलेल्या दोघांच्या मजुरीचे काय, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "मस्टरवर नाव नाही, म्हणजे ती माणसे कामावर नव्हतीच." या तंट्यासाठी आम्ही तेथे गेलो होतो. त्या दोघांतली एक म्हातारी बाई विहिरीच्या काठावर बसली होती आणि तिच्या पदरात ओल्या, हिरव्या, नाजूक पानांचा एक झुबका होता. भिंत खरवडताना खाली पडलेला तिने उचलून घेतला होता. म्हणाली, "हंसराज हाय भाऊ. खोकल्याले लागते. आता या विहिरीत काई दिसायचा नाई." तिचा मुलगा म्हणाला, विहिरीच्या गाळाच्या जुन्या ढिगाऱ्यात सायाळीचे बीळ होते, तेही आजच यंत्राने सपाट झाले.

मजुरीचा तंटा दोन दिवसांत मिटला. दोघांचे पैसे मिळाले. पण मनात एक प्रश्न राहून गेला. त्या विहिरीवरून त्या दिवशी चौघांना हाकलण्यात येत होते. दोघा माणसांची नावे आम्ही भांडून मस्टरवर घातली. बाकीच्या दोघांची नावे कोणत्या मस्टरवर आहेत? आहेत तरी का? त्या शोधात जे वाचले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम दोघांची ओळख. सायाळ ही उंदीर-खारींच्या वर्गातली, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तिला जन्मभर काहीतरी कुरतडावे लागते. रानात पडलेली हाडे आणि शिंगेसुद्धा ती कुरतडते. वजनाने अकरापासून अठरा किलोपर्यंत भरते. अंगावरचे काटे म्हणजे जाड झालेले केसच होत. सायाळ काटे बाणासारखे फेकते, असे खेड्यापाड्यांत आजही सांगतात. ते खरे नाही. ती पाठ वळवून शत्रूच्या अंगावर उलटी धावते, आणि सैल काटे त्याच्या अंगात रुतून राहतात. दिवसा बिळात किंवा कपारीत, रात्री बाहेर. नर-मादी जोडीने राहतात आणि पिले बहुधा एक किंवा दोनच. उंदराची नातलग असली तरी उंदरासारखी तिची वीण नाही, हे ध्यानात ठेवावे.

हंसराजाला फूल नाही, फळ नाही, बी नाही. काळ्या चकचकीत, केसासारख्या बारीक देठांवर पंख्यासारखी हिरवी पाने. पानाची कड मागे दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली धुळीसारखे बीजाणू असतात. बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराची एक चपटी हिरवी पापडी तयार होते. तिच्यावर पाण्याचा पातळ थर असला तरच पुरुषबीज पोहत स्त्रीबीजापर्यंत जाते आणि मग खरा नेचा उगवतो. नेच्याचे आयुष्य असे दोन पिढ्यांत वाटलेले असते, हा उलगडा हॉफमाइस्टर या जर्मन संशोधकाने १८५१ साली व्यवस्थित मांडला. हा गृहस्थही स्वतःच्या अभ्यासाने शास्त्रज्ञ झालेला, पुस्तकांच्या धंद्यात पोट भरणारा होता, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. तात्पर्य, हंसराजाला सावली हवी, चुना हवा आणि सतत झिरपणारे पाणी हवे. जुन्या दगडी विहिरीत या तिन्ही गोष्टी एके ठिकाणी मिळतात.

दोघांचीही माणसाशी ओळख फार जुनी आहे. आपल्या गृह्यसूत्रांत सीमंतोन्नयन नावाचा संस्कार सांगितला आहे. गरोदर पत्नीच्या केसांचा भांग पतीने पाडायचा, आणि त्यासाठी तीन ठिकाणी पांढरा असलेला सायाळीचा काटा घ्यायचा, असे त्यांत विधान आहे. धर्मशास्त्रांनी पाच नखे असलेल्या ज्या थोड्या प्राण्यांचे मांस चालेल असे म्हटले, त्यांतही सायाळ आहे. म्हणजे पूजेत काटा आणि ताटात मांस. पुढे लोकांनी तिच्याविषयी आणखी एक समजूत करून घेतली: सायाळीचा काटा घरात ठेवला की भांडणे होतात. ज्या काट्याने एके काळी भांग पाडला, तोच पुढे घरभेद्या ठरला.

हंसराजाची कीर्ती पश्चिमेकडे केसांशीच जोडलेली आहे. त्याचे ग्रीक नाव आडिआंटोन, म्हणजे न भिजणारा. पानावर पाणी टाकले की ते ओघळून जाते. रोमन लोकांनी त्यास व्हीनस देवीचे केस म्हटले. युनानी वैद्यकात तो परसियावशान या नावाने खोकल्या-दम्यावर चालत आला आणि अत्तार-काष्ठौषधीवाल्यांच्या दुकानांत वाळलेला हंसराज आजही पुडीत मिळतो. एवढ्या प्राचीन ओळखीत कोणी एकाने, तो किती आहे आणि कोठे कोठे आहे, हे मोजल्याचे मात्र दिसत नाही. वापर होता, गणती नव्हती.

गणतीचा काळ अठराव्या शतकात उजाडला. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली हंसराजाला एडिॲंटम कॅपिलस-व्हेनेरिस हे शास्त्रीय नाव दिले. सायाळीला हिस्ट्रिक्स इंडिका हे नाव रॉबर्ट कर याने १७९२ साली दिले. पुढे कर्नल साइक्स दख्खनात आला. हा कंपनी सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. शेते, पिके, माणसे, मजुरीचे दर यांच्याबरोबर त्याने पशुपक्ष्यांचीही यादी केली. १८३१ साली ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत दख्खनच्या सायाळीला तिच्या पांढऱ्या शेपटीवरून त्याने वेगळे नाव दिले होते. ते नाव पुढे टिकले नाही, कारण दोन्ही सायाळी एकच ठरल्या. पण दख्खनची सायाळ कागदावर आली ती तेव्हापासून.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला. सरकारला हवा होता तो कापूस. खामगावचा कापसाचा बाजार आणि त्या बाजारापर्यंत येणारा लोहमार्ग यांचे उद्‌घाटन १८७० साली खुद्द लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयच्या हस्ते झाले. गाठ अन्‌ गाठ मोजली जाऊ लागली. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. ही राज्यकारभाराची गोष्ट आम्ही सांगतो, कारण तिचा आपल्या दोघा रहिवाशांशी संबंध आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. तिने प्रांतांच्या सीमा पाहिल्या नाहीत. तिच्या पहिल्या अहवालांत खानदेशाबरोबर आपला वऱ्हाडही आला. नेच्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. ब्लाटर आणि डी'आल्मेडा यांनी १९२२ साली नेच्यांवर उत्तम ग्रंथ लिहिला, पण तो मुंबई इलाख्याचा. त्या काळी बुलढाणा मुंबईत नव्हता. तो मुंबई राज्यात आला १९५६ साली आणि महाराष्ट्र झाला १९६० साली. पुढे सरकारी वनस्पती-सर्वेक्षणाने महाराष्ट्राच्या वनस्पतींचे मोठे खंड काढले, १९९६, २००० आणि २००१ साली. ते एकदल आणि द्विदल वनस्पतींचे खंड आहेत. ज्याला बीच नाही, त्याला दल कोठून असणार? हंसराज पुन्हा दाराबाहेर राहिला. कोणी वैर केले असे नाही. प्रत्येक वेळी यादीचा मथळाच असा पडला की त्यात तो बसेना.

कायद्याची गोष्टही अशीच आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या चौथ्या परिशिष्टात सायाळीचे नाव आले आणि तिची शिकार हा गुन्हा ठरला. तिचे नातलग उंदीर-घुशी मात्र पाचव्या परिशिष्टात, उपद्रवी म्हणून, कावळ्याच्या शेजारी बसवले गेले. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगने लाखो माणसे नेली होती. ती आठवण ठेवणाऱ्या देशात उंदराला दुसरी जागा मिळणे कठीणच होते. वनस्पतींचा विचार त्या कायद्यात आला तो १९९१ च्या दुरुस्तीने, आणि तेव्हा संरक्षित वनस्पतींच्या परिशिष्टात नावे आली फक्त सहा. त्यांत एकही नेचा नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची सारी मांडणीच बदलली, उपद्रवी प्राण्यांचे वेगळे परिशिष्ट गेले. पण सायाळ मारणे हा आजही गुन्हाच आहे. विहीर खरवडून हंसराज नाहीसा करणे हा गुन्हा नाही. उलट ते दुरुस्तीचे काम म्हणून मोजमाप-वहीत चढते.

याहून मोठे मस्टर जगाचे आहे. १९४८ साली फ्रान्समध्ये फाँतेनब्लो येथे निसर्ग-संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि १९६४ पासून तो जगभरच्या जीवजातींची लाल यादी राखतो. कोणती जात नामशेष होण्याच्या किती जवळ आहे हे अभ्यासून तिला वर्ग दिला जातो: अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, असे वरून खाली. जगातील जवळजवळ सर्व ज्ञात सस्तन प्राण्यांची तपासणी या यादीने केली आहे. नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार जाती आहेत, पण त्यांपैकी थोड्यांचीच तपासणी झाली आहे. आपला हंसराज त्या थोड्या भाग्यवंतांत आहे. आणि गंमत अशी की सायाळ आणि हंसराज या दोघांनाही जगाने एकच वर्ग दिला आहे: सर्वांत खालचा, किमान चिंतेचा. सायाळ तुर्कस्थानापासून श्रीलंकेपर्यंत आहे आणि हंसराज तर आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका सगळीकडे. जगाच्या दृष्टीने हा वर्ग बरोबरच आहे, त्यात आम्हांस चूक काढायची नाही.

पण किमान चिंता म्हणजे कोणाची चिंता, आणि कोठली? दोन उदाहरणे घ्या. पुण्याजवळच्या सिंहगडावर एक उंदीर राहतो. १९७५ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते गडाच्या जुन्या नावावरूनच, मिलार्डिया कोंडाणा. त्याचे राज्य सिंहगड आणि आसपासचे थोडे डोंगरमाथे एवढेच. म्हणून लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. त्याचाच चुलतभाऊ, मऊ केसांचा शेतउंदीर, आपल्या काळ्या जमिनीत वाटेल तेवढा आहे, म्हणून त्याची चिंता नाही. उंदीर म्हटला की सारे एका माळेचे मणी, असे म्हणून भागत नाही. दुसरे उदाहरण खुद्द हंसराजाचे. जगात तो किमान चिंतेचा. पण कॅनडात तो ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका उष्ण झऱ्यापाशी तेवढा आढळतो. कॅनडाने असे म्हटले नाही की जगात पुष्कळ आहे, इथला गेला तर गेला. त्याने आपल्या देशाच्या यादीत त्याला संकटग्रस्त म्हणून नोंदवले. जगाचे मस्टर वेगळे आणि घरचे मस्टर वेगळे, हे त्या देशाला कळले.

घरचे मस्टर म्हणजे काय हे समजण्यासाठी आपला जिल्हा पाहावा. आपण घाटावरचे आणि घाटाखालचे असे म्हणतो ते उगीच नाही. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा. तिथे गोड्या पाण्याच्या विहिरीचीच मारामार. घाटावर खडक, झरे आणि दगडी विहिरी. सिंदखेडराजाची पुतळा बारव पाहिली म्हणजे विहीर बांधणाऱ्यांचे हात किती कसलेले होते हे समजते. लोणारच्या विवराच्या काठावरची धार आजही वाहते. अशा ओलसर दगडी जागा हंसराजाचे माहेर. त्यांतल्या कित्येक विहिरींवर कोणी पाणी भरावे आणि कोणी भरू नये हे जातीवरून ठरत असे, ही गोष्ट विसरून जुन्या विहिरींचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण बंदी माणसांनी घातली होती. तिचा दोष दगडाला किंवा त्यावरच्या पानाला लावता येत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने हे सारे बदलले. माणसे जगवायची होती; ठिकठिकाणी विंधनविहिरी आल्या, मागून विजेचे पंप आले. मोटेने आणि रहाटाने पाणी काढीत तोवर विहिरीला दम खायला वेळ मिळे आणि भिंत झिरपत राही. पंपाने पाणी बांधणीच्या खाली गेले, भिंत कोरडी पडली. मग नळ आला, विहिरीत केरकचरा पडू लागला, कोणी बुजवली, कोणी सिमेंटने लिंपली. यातले एकेक पाऊल गरजेचे होते, आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. तहानलेल्या बाईला हंसराज दाखवून समाधान होत नाही. पण पन्नास वर्षांत घाटावरच्या किती विहिरी हिरव्या होत्या आणि किती उरल्या, हे विचारले तर उत्तर देणारा कागद कोणापाशी नाही.

सायाळीचे संकट निराळे आहे. ती मका खाते, भुईमूग उकरते, रताळी आणि खरबुजे तिला आवडतात. रात्री राबून उभे केलेले पीक सकाळी उकरलेले दिसले म्हणजे शेतकऱ्याच्या पोटात काय होते, हे शहरात बसून कळत नाही. मग बांधावर फास लागतात, बिळात धूर होतो, आणि गुन्हा लागतो तो बहुधा ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याला. कायदा सायाळीच्या बाजूने आहे एवढ्याने ती वाचत नाही. शेतकऱ्याचे नुकसान कोणीतरी मोजले आणि भरून दिले, तरच ती वाचेल. तिचा उपकारही मोजावा. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात संशोधकांना असे दिसले की सायाळीने उकरलेल्या खळग्यांत पावसाचे पाणी आणि बिया साठतात, आणि तिथे आसपासच्या जमिनीपेक्षा अधिक रोपे उगवतात. आपण ज्याला शेततळे म्हणतो, त्याचे हे मुठीएवढे रूप ती रोज रात्री फुकट करीत असते.

एवंच, यादीत दोघे एकाच वर्गात असले तरी दोघांचे मरण एका वाटेने येत नाही. सायाळ पळू शकते, खाणे बदलू शकते, डोंगर बदलू शकते. तिला धोका आहे तो माणसाच्या वैराचा. हंसराज भिंत सोडून जाऊ शकत नाही. त्याला धोका आहे तो माणसाच्या विसराचा. वैराची निदान फिर्याद होते. विसराची फिर्याद कोठे करावी? कामगार चळवळीत आम्ही हेच पाहिले. कामावरून काढलेला माणूस संघटनेकडे येतो, भांडतो. ज्याचे नाव कधी मस्टरवरच नव्हते, तो मुकाट्याने दुसऱ्या गावी निघून जातो. म्हणून तर १९६९ च्या माथाडी कायद्यात पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर हमालांची नोंदणी.

सुदैवाने अशा नोंदणीचा कायदा आज आहे. २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने समिती नेमून आपल्या हद्दीतील झाडे, प्राणी आणि त्यांविषयीची लोकांची माहिती लोकांच्याच मदतीने नोंदवहीत लिहायची आहे. ती नोंदवही शहाण्यांनी कचेरीत बसून भरायची नाही. विहिरीत उतरणारा गवंडी, गुरे राखणारा पोरगा, हंसराज पदरात घेणारी म्हातारी यांनी ती सांगायची आहे.

तेव्हा श्रोतेहो, आमची आपणांस एकच विनंती आहे. उद्या आपल्या पालिकेत किंवा पंचायतीत जाऊन ती नोंदवही पाहायला मागा. ती कोरी असेल तर आपल्या वॉर्डातल्या जुन्या विहिरी मोजायला सुरुवात करा; किती ओल्या, किती कोरड्या, कोणत्या विहिरीत हिरवे पान आहे. शेताकडे जाणाऱ्यांनी सायाळीची बिळे आणि पिकाचे नुकसान दोन्ही लिहावीत, एक लिहून दुसरे सोडू नये. एखादी विहीर दुरुस्त करावी लागलीच, तर झिरपणाऱ्या बाजूचा हातभर दगड उघडा ठेवण्याने काम अडत नाही. आम्ही गवंड्यांना विचारून हे सांगतो आहोत.

ज्या विहिरीपासून आम्ही सुरुवात केली, तिच्यावर पुढल्या पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा गेलो होतो. सिमेंट गुळगुळीत होते, त्यावर काही नव्हते. पाण्याच्या वर, जिथे एक चिरा लिंपायचा राहून गेला होता, त्याच्या सांध्यात दोन-तीन काळे देठ आणि त्यांवर इवली हिरवी पाने होती. त्या म्हातारीला आम्ही ती दाखवली. ती म्हणाली, "मंग याचं नाव लिहा की तुमच्या वहीत." आम्ही लिहिले आहे. आता आपण लिहावे.